बाजरीच्या तीन उपजाती आणि वैरणीचा प्रश्न

(विस्तार अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अवर्षणप्रवण भागातील शेतकऱ्याला बाजरीचे पीक कसे आले असे विचारले, तर तो दोन उत्तरे देतो. एक उत्तर दाण्याचे आणि दुसरे सरमाडाचे. दाणा घरातील माणसांसाठी आणि सरमाड गोठ्यातील जनावरांसाठी. दाणा कमी आला तर तो बाजारातून विकत आणता येतो. गावातील वैरण संपली, तर मात्र बैलजोडी विकण्याखेरीज लहान शेतकऱ्यापुढे फारसा मार्ग उरत नाही, आणि एकदा विकलेली बैलजोडी पुन्हा दावणीला येण्यास कित्येक वर्षे लागतात. नाशिक, अहिल्यानगर, पुणे, बीड, धुळे या जिल्ह्यांतील कोरडवाहू पट्ट्यात हा अनुभव नवा नाही. म्हणूनच बाजरी या पिकाकडे केवळ धान्य म्हणून न पाहता वैरणीचे गवत म्हणूनही पाहणे आवश्यक ठरते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते मुळात एक गवतच आहे.

या गवताचे सगेसोयरे कोण, ते कोठे वाढतात, त्यांच्यात कोणते गुण आणि कोणते दोष आहेत, आणि त्यांची परस्परांशी तुलना केल्याने नवे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाला काय मिळते, हा या भाषणाचा विषय आहे. विषय प्रयोगशाळेतील वाटला तरी त्याचा शेवट गावातील गोठ्यापाशीच होतो.

जाती, उपजाती आणि वाण

प्रथम तीन शब्दांचा अर्थ स्पष्ट करणे योग्य होईल. ज्या वनस्पतींचा आपापसांत संकर होऊन सुपीक संतती निपजते, त्या सामान्यतः एका जातीच्या मानल्या जातात. एकाच जातीतील जे समूह निसर्गात निरनिराळ्या परिस्थितीत वाढले आणि रूपाने व वागणुकीने वेगळे झाले, त्यांना उपजाती म्हणतात. वाण हा त्याहून लहान गट होय. तो माणसाने निवडलेला आणि बियाण्याच्या पिशवीवर नाव घेऊन येणारा असतो. शेतकऱ्याचा रोजचा संबंध वाणाशी येतो. वाण घडविणाऱ्याला मात्र उपजातीपर्यंत मागे जावे लागते, कारण वाणांच्या मर्यादित भांडवलात जे सापडत नाही ते अनेकदा तेथे सापडते.

बाजरीच्या जातीचे शास्त्रीय नाव पेनिसेटम ग्लॉकम. या गटाचा पद्धतशीर अभ्यास जे. एन. ब्रंकेन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७७ साली प्रसिद्ध केला आणि तिच्या तीन उपजाती मांडल्या. पहिली लागवडीची बाजरी. दुसरी मोनोडी ही वन्य उपजाती. तिसरी स्टेनोस्टॅकियम. ही या दोघींच्या मधली असून पश्चिम आफ्रिकेत तिला शिब्रा म्हणतात. तिन्हींच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात आणि तिन्हींचा आपापसांत सहज संकर होतो. वाण घडविणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. परक्या जातीतील गुण आणण्यासाठी जो खटाटोप करावा लागतो तो येथे टळतो.

बाजरीचे माहेर आफ्रिकेत आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला सेनेगालपासून सुदानपर्यंत जो कमी पावसाचा पट्टा पसरला आहे, त्याला साहेल म्हणतात. मोनोडी उपजाती तेथील वाळूच्या जमिनीत आणि कोरड्या ओढ्यांच्या काठी आजही आपोआप उगवते. माली देशातील तिलेम्सी खोऱ्यात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या बाजरीचे अवशेष सापडले आहेत. तेथून हे पीक इसवीसनपूर्व दुसऱ्या सहस्रकात भारतात पोहोचले. महाराष्ट्राच्या भाकरीचा उगम अशा रीतीने एका आफ्रिकी गवतात आहे.

तीन बहिणींचे तीन स्वभाव

वन्य मोनोडी आणि लागवडीची बाजरी शेजारी शेजारी पेरल्या, तर त्या एकाच जातीच्या असाव्यात यावर सहसा कोणी विश्वास ठेवणार नाही. लागवडीच्या बाजरीला मोजके फुटवे येतात, खोड जाड होते आणि कणीस लांब व भरीव असते. मोनोडीला भरपूर फुटवे येतात, फुटव्यांनाही फांद्या फुटतात, खोड बारीक राहते आणि कणसे लहान पण पुष्कळ असतात. ही कणसे एका वेळी पक्व होत नाहीत. काही पिकत असतात तेव्हा काही नुकतीच बाहेर पडत असतात.

खरा भेद कणसाच्या आत आहे. बाजरीच्या कणसावर दाण्यांचे बारीक झुबके असतात आणि प्रत्येक झुबक्याभोवती केसांचे वेष्टन असते. लागवडीच्या बाजरीत हे वेष्टन देठाने कणसाला घट्ट धरून राहते, दाणा टपोरा होऊन बाहेर डोकावतो आणि मळणी होईपर्यंत जागचा हलत नाही. मोनोडीत वेष्टनाला देठ जवळजवळ नसतो, दाणा बारीक असून आत झाकलेला राहतो आणि पक्व होताच वेष्टनासह जमिनीवर गळून पडतो. निसर्गाला हेच हवे असते. गळलेला दाणा केसांच्या आधाराने वाऱ्याबरोबर व जनावरांच्या अंगावरून दूर जातो आणि काही काळ सुप्त राहून अनुकूल पाऊस पडल्यावर उगवतो. शेतकऱ्याला याच्या नेमके उलटे हवे असते. हजारो वर्षांपूर्वी साहेलमधील स्त्री-पुरुषांनी दाणे न गळणारी कणसे वेचून त्यांचेच बी पुन्हा पेरले आणि या निवडीतून लागवडीची बाजरी निर्माण झाली.

शिब्रा या तिसऱ्या उपजातीची कथा शेतकऱ्याला अधिक जवळची वाटेल. बाजरीच्या कणसावर स्त्रीकेसर आधी बाहेर येतात आणि परागकोश नंतर. त्यामुळे वाऱ्याने उडून आलेला दुसऱ्या झाडाचा पराग सहज लागतो. साहेलमध्ये शेताच्या बांधाला वन्य मोनोडी असते आणि शेतात बाजरी. दोघींचा संकर होऊन जी झाडे उगवतात ती शिब्रा. लहानपणी ती हुबेहूब बाजरीसारखी दिसतात, त्यामुळे खुरपणीत ओळखू येत नाहीत. कणीस आले की मात्र दाणे गळू लागतात. तेथील शेतकऱ्यांच्या दृष्टीने ही उपजाती म्हणजे शेतातील तण होय. शास्त्रज्ञाला तीच उपजाती वेगळे काही सांगते. वन्य आणि लागवडीच्या बाजरीतील गुणांची देवघेव आजही थांबलेली नाही, हे तिच्यावरून कळते.

तुलना कशी करावी

उपजातींची तुलना ही ऐकताना सोपी आणि करताना अवघड गोष्ट आहे. दोन गवते पेरली, कापली, वजन केले आणि जास्त वजनाचे चांगले ठरविले, एवढ्याने ती पूर्ण होत नाही.

पहिली अडचण जमिनीची. एकाच शेतातील एक कोपरा सकस आणि दुसरा निकस असतो. सकस कोपऱ्यात पडलेले गवत आपल्या गुणाने वाढले की जमिनीच्या गुणाने, हे सांगता येत नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड प्रयोगक्षेत्रावर काम करीत असताना रोनाल्ड फिशर यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात यावर उपाय शोधला. प्रत्येक गवताचे अनेक वाफे करायचे आणि कोणता वाफा कोठे पडेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. भारतात ही पद्धत रुजविण्यात वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. या दोघांनी कृषी संशोधकांसाठी लिहिलेला सांख्यिकी पद्धतींवरील ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि कृषी महाविद्यालयांतील अनेक पिढ्या त्यावर वाढल्या.

दुसरी अडचण पाण्याची. हिरव्या वैरणीचे वजन फसवे असते. समजा, एका गवताची हिरवी वैरण हेक्टरी ४०० क्विंटल आली आणि तिच्यात शेकडा १५ भाग शुष्क पदार्थ आहे. दुसऱ्याची ३०० क्विंटल आली आणि तिच्यात शेकडा २२ भाग शुष्क पदार्थ आहे. पहिल्यातून ६० क्विंटल आणि दुसऱ्यातून ६६ क्विंटल खरी वैरण मिळाली. गाडी पहिल्याची अधिक भरली, पण जनावराच्या पोटात दुसऱ्याने अधिक अन्न घातले. वैरणीच्या प्रयोगात वाळवून केलेले वजन म्हणूनच निर्णायक मानले जाते.

तिसरी अडचण वयाची, आणि उपजातींच्या बाबतीत हीच सर्वांत महत्त्वाची आहे. गवत फुलोऱ्यावर येऊ लागले की त्याच्यातील प्रथिनांचे प्रमाण घटते, खोड कठीण होते आणि पचनीयता उतरते. तिन्ही उपजाती एकाच दिवशी फुलोऱ्यावर येत नाहीत. एकाच तारखेला सर्व कापल्या, तर एक कोवळी आणि दुसरी जून अशी विषम तुलना होते. शिवाय बाजरी दिवसाच्या लांबीला प्रतिसाद देते. दिवस लहान होऊ लागले की अनेक प्रकार फुलोऱ्याकडे वळतात. सेनेगालमध्ये लवकर पिकणाऱ्या बाजरीला सूना आणि उशिरा पिकणाऱ्या बाजरीला सान्यो म्हणतात. उशिरा फुलणारा प्रकार अधिक काळ पाने देत राहतो. धान्यासाठी हा दोष ठरेल, पण वैरणीसाठी तो गुण ठरू शकतो. त्यामुळे एका अक्षांशावर केलेली तुलना दुसऱ्या अक्षांशावर जशीच्या तशी लागू पडत नाही. बाहेरून आलेल्या गवताची परीक्षा स्थानिक हंगामात, स्थानिक जमिनीवर पुन्हा घ्यावीच लागते.

यानंतर पानांचे व खोडाचे प्रमाण, कापल्यानंतर पुन्हा फुटण्याची शक्ती, प्रथिने आणि पचनीयता यांची नोंद होते. पचनीयता पाहण्याची एक पद्धत मोठी रंजक आहे. वैरणीचा नमुना बारीक जाळीच्या नायलॉनच्या पिशवीत घालून ती पिशवी जनावराच्या कोठीपोटात ठरावीक तास ठेवतात आणि नंतर आत किती उरले ते मोजतात. अखेरचा निकाल गाईच्या पोटातच लागतो.

बाजरीच्या बाजूने येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत विषारी द्रव्य तयार होते आणि ते खाऊन जनावरे दगावतात. ग्रामीण भागात यालाच किरळ लागणे म्हणतात. बाजरीत हे द्रव्य तयार होत नाही. त्यामुळे कोवळ्या अवस्थेत कापून घालण्यास ती अधिक निर्धोक आहे.

एका वाणावर विसंबल्याचा धडा

एवढी तुलना कशासाठी, असा प्रश्न येथे कोणालाही पडेल. त्याचे उत्तर बाजरीच्या अलीकडच्या इतिहासात आहे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन हे शास्त्रज्ञ वैरणीच्या गवतांवर काम करीत. त्यांनी बाजरीचा एक नरवंध्य वाण तयार केला. त्याचे नाव टिफ्ट २३ए. नरवंध्य म्हणजे ज्याच्या कणसात सुपीक पराग तयार होत नाही असा. बाजरीच्या एका कणसावर शेकडो बारीक फुले असतात. त्यांचे परागकोश हाताने काढून संकरित बियाणे तयार करणे अशक्यप्राय होते. नरवंध्य वाणामुळे ही अडचण दूर झाली. शेजारी दुसरा वाण पेरला की वाऱ्यानेच संकर घडू लागला. पंजाबमध्ये लुधियाना येथे द. सि. अठवाल यांनी या वाणाचा मातृवाण म्हणून उपयोग केला आणि १९६५ साली एचबी-१ हा भारतातील पहिला संकरित बाजरीचा वाण प्रसारित झाला. त्यापाठोपाठ आलेले एचबी-२ ते एचबी-५ हे वाणही याच मातृवाणावर आधारलेले होते. एचबी-३ लवकर तयार होणारा असल्याने तो महाराष्ट्रासह अनेक राज्यांत झपाट्याने पसरला. १९७०-७१ साली देशातील बाजरीचे उत्पादन ८० लाख टनांवर गेले.

नंतर गोसावी रोग आला. या रोगाला केवडा असेही नाव आहे. कणसात दाण्यांऐवजी हिरवी पानेच फुटतात आणि कणीस गोसाव्याच्या जटेसारखे दिसू लागते. रोगाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. शेतोशेती एकाच मातेची संतती उभी असल्याने रोगाला कोठेच अडथळा झाला नाही. त्यात दुष्काळाची भर पडली आणि १९७४-७५ साली देशातील उत्पादन १९७०-७१ च्या निम्म्याहूनही खाली आले. दाणा गेला आणि त्याबरोबर वैरणही गेली.

याच सुमारास, १९७० साली, अमेरिकेत मक्यावर करपा रोगाची मोठी साथ आली आणि तेथील सुमारे १५ टक्के पीक नष्ट झाले. तेथे बहुतेक संकरित मका एकाच प्रकारच्या नरवंध्य पेशीद्रव्यावर उभा होता आणि रोगाने नेमके त्या पेशीद्रव्यालाच ग्रासले होते. साहजिकच बाजरीच्या बाबतीतही तोच संशय व्यक्त झाला. पुढील संशोधनात दिसून आले की, बाजरीतील दोष पेशीद्रव्याचा नव्हता. त्या विशिष्ट वाणाच्या गुणसूत्रांवरील गुणांचा तो दोष होता. पेशीद्रव्य निर्दोष ठरले. तथापि सर्व डोलारा एकाच खांबावर उभा करण्याचा धोका दोन्ही खंडांत सारखाच सिद्ध झाला.

वन्य उपजातीची देणगी

या अनुभवानंतर शास्त्रज्ञांचे लक्ष वन्य उपजातीकडे वळले. टिफ्टन येथेच वेन हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोनोडीच्या नमुन्यांची लागवडीच्या बाजरीशी तुलना केली. वैरणीच्या बाजरीवर तांबेरा पडला की पाने करपतात आणि जनावरे ती खात नाहीत. सेनेगालमधून आणलेल्या मोनोडीत या तांबेऱ्याला प्रतिकार करणारा गुण आढळला. तो एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचे १९८५ साली प्रसिद्ध झाले. असा गुण लागवडीच्या वाणात आणणे तुलनेने सुलभ असते.

दुसरी देणगी पेशीद्रव्याची. हॅना यांनी १९८९ साली मोनोडीपासून मिळालेल्या नव्या नरवंध्य पेशीद्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याला ए-४ असे नाव आहे. जुन्या पेशीद्रव्याहून ते वेगळे आहे आणि त्यातील नरवंध्यत्व अधिक स्थिर आहे. येथे धान्य आणि वैरण यांच्या गरजांमधील फरक स्पष्ट होतो. धान्याच्या संकरित वाणात शेतकऱ्याच्या शेतात दाणा भरलाच पाहिजे. त्यासाठी नरवंध्यत्व दूर करणारा पितृवाण लागतो आणि ए-४ च्या बाबतीत असे पितृवाण विरळ आहेत. वैरणीच्या वाणात मात्र दाणा भरण्याची गरजच नसते. त्यामुळे धान्यासाठी जे अडचणीचे, तेच वैरणीसाठी सोयीचे ठरते. एखाद्या उपजातीचा गुण किंवा दोष हा ती कोणत्या कामासाठी तोलली जाते यावर किती अवलंबून असतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

वन्य उपजातीचा उपयोग फुकट मात्र मिळत नाही. संकर झाल्यावर हवा असलेला एक गुण येतो आणि त्याच्याबरोबर दाणे गळणे, बी सुप्त राहणे, कणसे मागेपुढे पिकणे हे नको असलेले गुणही येतात. ते काढून टाकण्यासाठी संततीचा लागवडीच्या वाणाशी पिढ्यानुपिढ्या पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो आणि प्रत्येक पिढीत निवड करावी लागते. सुदैवाची गोष्ट अशी की, वन्य आणि लागवडीच्या बाजरीतील मुख्य भेद बऱ्याच अंशी थोड्याच गुणसूत्रखंडांवर एकवटलेले आहेत. त्यामुळे संकरानंतर बाजरीसारखी झाडे परत मिळविणे फारसे दुरापास्त राहत नाही. २०१७ साली बाजरीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यात हैदराबादजवळ पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचा प्रमुख सहभाग होता. १९७२ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या बियाणे पेढीत बाजरीचे २० हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत आणि त्यांत वन्य नमुन्यांचाही समावेश आहे.

आफ्रिकेतील नमुन्यांचा लाभ महाराष्ट्राला प्रत्यक्ष झाला आहे. टोगो देशातील टपोऱ्या दाण्याच्या स्थानिक बाजरीतून पाटणचेरू येथे निवडलेला आयसीटीपी ८२०३ हा वाण १९८८ साली महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाला. लोहाचे प्रमाण अधिक असलेला धनशक्ती हा वाण पुढे त्यातूनच निवडण्यात आला.

दूरची बहीण : हत्ती गवत

तीन उपजातींखेरीज बाजरीचे आणखी एक नाते वैरणीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ते म्हणजे नेपियर किंवा हत्ती गवत. ही वेगळी जाती असून तिच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात. आफ्रिकेतील हे बहुवर्षायू गवत १९१२ साली भारतात आले. ते उंच वाढते, वर्षानुवर्षे टिकते आणि अनेक कापण्या देते, पण खोड कठीण आणि पाने खरबरीत. बाजरी रसाळ आणि जनावरांना आवडणारी, पण एका हंगामाची. दोघींचा संकर केला तर दोघींचे गुण एकत्र येतील, ही कल्पना अनेक देशांत आजमावली गेली. भारतात कोइमतूर येथे १९५३ साली असा संकर तयार झाला आणि १९६१ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा जायंट नेपियर हा वाण दिला. महाराष्ट्रात राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने यशवंत आणि फुले जयवंत हे संकरित नेपियरचे वाण दिले. एक हंगामी वैरणीसाठी त्याच विद्यापीठाचा जायंट बाजरा हा वाण ऑस्ट्रेलियातील व स्थानिक बाजरीच्या संकरातून निवडलेला आहे.

संकरित नेपियरच्या पेशीत बाजरीची ७ आणि नेपियरची १४ अशी २१ गुणसूत्रे असतात. ही संख्या विषम असल्याने बी धरत नाही. लागवड ठोंबांनी किंवा कांड्यांनीच करावी लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात सोय अशी की, शेजाऱ्याकडून मूठभर ठोंबे आणली तरी वाण शुद्ध राहतो. यातील धोका असा की, एका ठोंबापासून वाढविलेले सारे क्षेत्र म्हणजे एकच झाड असते. ज्या एकसारखेपणाने १९७० च्या दशकात बाजरीचा घात केला, तोच येथे अधिक टोकाला गेलेला आहे. म्हणून एका गावात एकच वाण लावण्यापेक्षा दोन-तीन वाण लावणे शहाणपणाचे ठरते. या गवतात ऑक्झॅलिक आम्लाचे क्षारही असतात आणि ते जनावराच्या शरीरातील चुना बांधून ठेवतात. फार कोवळे गवत एकटेच खाऊ घालू नये. त्याच्याबरोबर लसूण घास किंवा चवळी यांसारखी द्विदल वैरण आणि खनिज मिश्रण द्यावे.

गावाचे काम

या साऱ्यातून गावपातळीवर काय करता येईल, याचा विचार आता व्हावयास हवा.

मोनोडी महाराष्ट्रात उगवत नाही. ती सांभाळण्याचे काम साहेलमधील देशांचे आणि बियाणे पेढ्यांचे आहे. परंतु महाराष्ट्राच्या गायरानांत आणि डोंगरउतारांवर मारवेल, पवना, डोंगरी, अंजन यांसारखी उत्तम गवते आहेत. त्यांचे स्थानिक प्रकार एकमेकांहून वेगळे आहेत. बेसुमार चराईने ती मागे हटतात आणि त्यांची जागा कुसळीसारखे हलके गवत घेते. मारवेलचा आज लावला जाणारा सुधारित वाण हाही अशाच स्थानिक गवताच्या निवडीतून आलेला आहे. गायरानातून एखादा प्रकार नाहीसा झाला, तर उद्याच्या तुलनेतून तो कायमचा वगळला जातो. त्यात कोणता गुण होता हे मग कोणालाच कळत नाही.

पंचायत सदस्यांच्या हाती यासाठी कायद्याचे साधन आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी अशी तरतूद आहे. ही नोंदवही केवळ तपासणीच्या वेळी दाखविण्याचे कागद होऊ नये. गावातील कोणत्या माळावर कोणते गवत आहे, कोणत्या घरी बाजरीचे जुने बी अद्याप राखले जाते, कोणती वैरण जनावरे आवडीने खातात, याची नोंद वृद्ध शेतकरी, शेतकरी महिला आणि गुराखी यांना विचारून व्हावी. बी राखण्याचे काम बहुतेक घरांत महिलाच करतात, तेव्हा त्यांच्या माहितीवाचून ही नोंद अपुरी राहील. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला स्वतः जतन केलेल्या वाणाची नोंदणीही करता येते. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा ब्यूरोचे प्रादेशिक केंद्र अकोला येथे आहे, हेही ध्यानात ठेवावे.

शिक्षकांना करता येण्याजोगे काम तितकेच मोलाचे आहे. शाळेच्या आवारात चार गवतांचे लहान वाफे करणे, चिठ्ठ्या टाकून त्यांची जागा ठरविणे, कापलेली वैरण प्रथम ओली आणि नंतर वाळवून तोलणे, फुटवे मोजणे, एवढा प्रयोग आठवीच्या विद्यार्थ्यांना सहज झेपेल. त्यासाठी तराजू, दोरी आणि वही पुरेशी आहे. ओल्या व वाळलेल्या वजनातील फरक ज्या मुलाने एकदा स्वतः तोलून पाहिला, तो मोठेपणी हिरव्या भाऱ्याच्या आकाराला भुलणार नाही.

विस्तार अधिकाऱ्यांनी नव्या वाणाची शिफारस करताना त्याचा जुना शेजारी शेतातून पूर्णपणे हद्दपार होणार नाही, याची काळजी घ्यावी. नवा वाण लावण्यास विरोध असण्याचे कारण नाही. संकरित बाजरीने या देशाच्या कोरडवाहू शेतीला निश्चितच बळ दिले, आणि गोसावी रोगाला तोंड देणारे नवे संकरित वाणही संशोधकांनीच पुढे आणले. जाणकार रेणूंच्या खुणांचा आधार घेऊन सुधारलेला आणि २००५ साली प्रसारित झालेला एचएचबी ६७ हा वाण त्याचे उदाहरण होय. परंतु रोगही बदलत राहतो. आज प्रतिकारक असलेला वाण उद्या बळी पडू शकतो. त्या दिवशी शास्त्रज्ञाला पुन्हा एकदा पेढीतील आणि रानातील नमुन्यांकडे वळावे लागते. तेथे काही शिल्लक असेल तरच त्याला काही सापडेल.

साहेलमधील शेतकरी ज्या गवताला तण म्हणून उपटतो, त्याच्याच भावंडातून टिफ्टनच्या शास्त्रज्ञाला तांबेऱ्याचा उतारा मिळाला. निरुपयोगी वाटणारी वनस्पती बहुधा तुलना न झालेली वनस्पती असते. गायरान राखणे, बी राखणे आणि नोंद राखणे या तीन कामांना मोठा खर्च येत नाही. ती पुढील पावसाळ्याची वाट न पाहता याच हंगामात सुरू व्हावीत. दुष्काळाच्या वर्षी दावणीची बैलजोडी दावणीलाच राहावी यासाठी इतका प्रयत्न गावाच्या आवाक्यातील आहे.